रेवसच्या खाडीत शिडाची जुनी होडी

गेटवे ऑफ इंडियाच्या कठड्याशी दोन मिनिटे तरी न रेंगाळता मुंबईहून परतलेला पाहुणा शोधून सापडायचा नाही. इंदूरहून आलेला असो, बडोद्याहून की हैदराबादहून; घारापुरीच्या लाँचची तिकिटे काढायची, ताजच्या घुमटाकडे पाठ करून फोटो काढायचा, मुलांना भेळ घ्यायची, हे ठरलेले. ऑक्टोबर ते मे या दिवसांत, विशेषतः रविवारी दुपारी, त्याच कठड्यावरून आणखी एक दृश्य दिसते. लाँचच्या धुराच्या पलीकडे पाच-दहा पांढरी शिडे एका अंगाला कलून, आवाज न करता निघालेली असतात. मुलांचा प्रश्न ठरलेला असतो, "या होड्या कुणाच्या? आपल्याला घेता येईल?"

घेता येते. मात्र दुकानात जाऊन, मॉडेल निवडून, हप्ते बांधून नव्हे.

मुंबई बंदरातल्या शिडाच्या होड्या बहुतेक नौदलाच्या, लष्कराच्या नाहीतर क्लबांच्या. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा. तिथे 'सीबर्ड' जातीच्या ज्या लाकडी होड्या आहेत, त्यांचा मूळ आराखडा १८९८ सालचा, ब्रिटनमधला. खासगी मालकीच्या होड्या त्या मानाने थोड्या, आणि त्यांतल्या कितीतरी एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात गेलेल्या. त्यांची जाहिरात सहसा येत नाही. कुणाची बदली होते, कुणाचे गुडघे दुखू लागतात, कुणाची मुले परदेशी जातात, आणि बातमी धक्क्याधक्क्यावर फिरते.

जुनी म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. लष्कराच्या इंजिनिअर्सनी 'तृष्णा' या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. २८ सप्टेंबर १९८५ रोजी मुंबईहून निघून १० जानेवारी १९८७ रोजी ते परत आले. पृथ्वीला वेढा घालणारी ती पहिली भारतीय शिडाची नौका; आणि ती इंग्लंडमध्ये दुसऱ्या मालकाकडून विकत घेतलेली होती. त्याच्याही आधी, १८९२ साली, जोशुआ स्लोकम या कप्तानाला ओळखीच्या एका दर्यावर्दी म्हाताऱ्याने 'एक गलबत देतो' म्हणून बोलावले. अमेरिकेतल्या फेअरहेवन गावात जाऊन पाहतो तर शेतात आधार देऊन उभी केलेली जुनाट होडी! स्लोकमने तेरा महिने खपून, ५५३ डॉलर ६२ सेंट खर्चून ती नव्याने बांधली आणि १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने जगाला फेरी मारली. असे करणारा तो पहिला माणूस.

आमचा बेत एवढा मोठा नव्हता. माझी मावसबहीण कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल शाखेत होती. तिथे शिडाची होडी हाकायला शिकली आणि पुढची वीस वर्षे ठाण्याच्या लोकलमध्ये उभ्याने काढली. यंदा रेवसजवळच्या एका गावात एक होडी विकाऊ आहे असे तिच्या कानावर आले. यजमानांना घेऊन ती पाहायला निघाली, आणि 'चार प्रश्न जास्त विचारणारे कुणीतरी हवे' म्हणून मलाही सोबत घेतले.

भाऊच्या धक्क्यावरून

रेवसला रस्त्याने जाता येते, पण होडी पाहायला जाणाऱ्याने पाण्यावरूनच जावे. भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या टोपल्या, बर्फाच्या लाद्या आणि डिझेलचा वास चुकवीत आम्ही लाँचमध्ये बसलो. वर पत्रा, बाजूला बाके, शेजारी गणपतीचे माहेरपण आटोपून परतणाऱ्या दोन बाया आणि त्यांच्या टोपलीत झाकलेले मोदक. मागे शिवडीच्या बाजूने अटल सेतू दूरवर धुक्यात विरून गेलेला. जानेवारी २०२४ मध्ये तो सुरू झाला, तेव्हा 'आता लाँचमध्ये कोण बसणार' असे म्हणणारे पुष्कळ होते. आमच्या लाँचमध्ये तरी पाय ठेवायला जागा नव्हती. डाव्या हाताला जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या, त्यांच्यामागे घारापुरीचे दोन डोंगर, पुढे न्हावा-शेव्याच्या क्रेन, मग करंजाचा डोंगर. डोंगर ओलांडला की अंबा नदी समुद्राला मिळते ती धरमतरची खाडी लागते, आणि तिच्या दक्षिणेच्या काठाला रेवस.

पाणी तांबूस, काठाला चिखल. पायऱ्यांशी तांडेल उभा होता, म्हणजे होडीची राखण करणारा कोळी गृहस्थ, साठीचा. त्याने आम्हाला पाहिले, मग आकाशाकडे पाहिले आणि म्हणाला, "आज नवमी. भांगाचं पाणी. सावकाश या, चिखल काही पळत नाही."

शहरातल्या माणसाला भरतीची वेळ मोबाइलवर पाहायची सवय. तांडेलाचे गणित याहून सोपे आहे आणि कोकणात लहान पोरालाही ते येते: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनला भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमाराला. दिवसा एक आणि रात्री एक अशा दोन भरत्या. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाचे पाणी चढते. अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. काठावरची होडी पाण्यात लोटायची तर उधाण हवे. आमच्या साऱ्या सौद्याचे वेळापत्रक पुढे या पाऊणपटीनेच ठरवले.

गोड्या पाण्याची भीती

होडी नारळीच्या बागेत टेकू लावून उभी होती. बावीस फूट लांब, सागवानी, तांब्याच्या खिळ्यांनी जोडलेली, एका डोलकाठीची. मालक म्हणजे आगबोटींवर उभे आयुष्य इंजिने सांभाळून निवृत्त झालेले काका. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. होडीचे तिसरे मालक. होडीचे नाव लिहू नका, असे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावले. ते त्यांच्या थोरल्या मुलीचे नाव आहे.

बहिणीने होडीभोवती एक फेरी मारली आणि पर्समधून चाकू काढला. काकांचा चेहरा खुलला. "चाकू आणलास? मग बोलू आपण."

जुन्या लाकडी होडीची परीक्षा रंगावरून होत नाही. रंग ताजा असेल तर उलट जास्त सावध व्हावे. लाकूड कुजवते ते समुद्राचे खारे पाणी नव्हे, पावसाचे गोडे पाणी. खाऱ्या पाण्यात लाकूड पुष्कळ टिकते; १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानाची 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका बांधली, ती इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. पण वरच्या फळीवरून झिरपलेले पावसाचे पाणी एखाद्या कोपऱ्यात साठले, वारा लागला नाही, की तिथे कूज धरलीच. म्हणून नाळेच्या आतला कोपरा, डोलकाठीचा पाया, काठाच्या फळीखालचा सांधा अशा जागी चाकूचे टोक टेकवून पाहायचे. चांगल्या लाकडात ते अडते, कुजलेल्यात साबणात जावे तसे आत जाते. नंतर लाकडी मोगरीने ठोकत जायचे. निरोगी फळी टणटण बोलते, आतून पोकळ झालेली भद्द वाजते. पोकळ होण्याचे कारण कूजच असते असे नाही. समुद्रात लाकूड पोखरणारा एक प्राणी आहे. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून तो लहानपणी आत शिरतो आणि आतच वाढतो. बाहेरून फळी अखंड दिसते. त्याच्यासाठीच पूर्वी गलबतांच्या तळाला चुना आणि चरबी फासत. आता तांब्याचा अंश असलेला रंग लावतात.

पाऊस लागू नये म्हणून पुष्कळ मालक होडी ताडपत्रीत घट्ट गुंडाळून ठेवतात. काकांनी तसे केले नव्हते. ताडपत्री बांबूंवर उंच बांधून दोन्ही तोंडे उघडी ठेवली होती. "माणसाला ताप आला की गोधडीत गुंडाळतो, होडीला नाही गुंडाळायचं. तिला वारा हवा," काका म्हणाले.

बहिणीचा चाकू एका जागी रुतला. मागच्या बाजूला, एका कोपऱ्यात, बोटभर. काका काठी टेकीत आले, वाकून पाहिले आणि म्हणाले, "ती जागा मी सांगणारच होतो. दोन सांगायच्या राहिल्यात, त्या शोध." तिने एक शोधली. दुसरी त्यांनी दाखवली.

मग शिडे. ती घराच्या माळ्यावर, मसाल्याच्या बरण्यांशेजारी, जुन्या चादरीत बांधलेली. शिडाचा शत्रू वारा नव्हे, ऊन. कापड धडधाकट दिसते आणि शिवण आधी जाते. नखाने टाका ओढून पाहिला. मोठ्या शिडाचे तीन टाके दोरा जळाल्यासारखे तुटले. धाकटे शीड बरे होते. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारांवरून बहिणीने कापसाचा बोळा फिरवला; तार जिथे आतून तुटू लागलेली असते तिथे कापूस अडकतो. दोन ठिकाणी अडकला.

पण या होडीचा खरा प्रश्न पोटात होता. उथळ खाडीत चालावी म्हणून तिला खोल कणा नाही. तळातल्या फटीतून एक लोखंडी पाते खाली सोडायचे, उथळ पाण्यात ते वर ओढून घ्यायचे. आत हे पाते ज्या उभ्या लाकडी पेटीत राहते ती पेटी तळाच्या फळीला जिथे जुळते, तो सांधा म्हणजे अशा होड्यांचे कायमचे दुखणे. गळती बहुतेक तिथूनच. आणि होडी दोन हंगाम कोरडी होती. लाकूड सुकून सगळ्या फळ्यांत फटी पडलेल्या. बाहेर उभे राहून आतले ऊन दिसत होते.

माझ्या मेहुण्यांनी ते ऊन पाहिले आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ही होडी आहे की चाळण?"

दुसरे गिऱ्हाईक

चहा झाला तेव्हा काकूंनी खरी गोष्ट सांगितली. गिऱ्हाईक आणखी एक होते. जवळच समुद्रकाठी कुणी रिसॉर्ट काढले आहे. त्यांना अंगणात वाळूत पुरून ठेवायला जुनी होडी हवी आहे. पोटात बर्फ भरून शहाळी मांडणार, संध्याकाळी दिव्यांच्या माळा सोडणार. देऊ केलेली किंमत आमच्या मनातल्या आकड्याच्या दीडपट. परदेशातला मुलगा फोनवरून सांगतो, 'देऊन टाका.' आणि त्याचे चूक नाही. काकांच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन करायचे आहे, बिऱ्हाड पुण्याला मुलीजवळ हलवायचे आहे, आणि पैसा झाडाला लागत नाही.

कोकण किनाऱ्यावर अशा होड्या हल्ली जागोजाग दिसतात. कुठे हॉटेलच्या दाराशी फुलझाडे लावलेली, कुठे आडवी कापून काऊंटर केलेली. मंगलोरी कौले, मीठ आणि लाकूड वाहणाऱ्या शिडाच्या फत्तेमाऱ्या ज्यांनी लहानपणी पाहिल्या, त्यांना हे पाहून चुटपुट लागते. पण जिच्यावर पोट चालत नाही ती वस्तू कुणी किती दिवस सांभाळायची, याचे उत्तर चुटपुटणाऱ्यांपाशीही नसते. रिसॉर्टवाल्याला नावे ठेवणे मला तरी पटले नाही. तो रोख पैसे मोजून घेत होता.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे बघ बाळ, गळकी होडी मी कुणाच्या लेकराबाळांना समुद्रात न्यायला देणार नाही. पौर्णिमेच्या उधाणाला तिला पाण्यात लोटू. लाकूड फुगून फटी मिटल्या तर तू घे. नाही मिटल्या तर वाळूत जाऊ दे. वाळूत बुडत नाही कुणी."

त्यांनी कपाटातून एक जाड वही आणली. पुठ्ठ्याची, कडा वाळवीने खाल्लेली. आधीच्या मालकाने सुरू केलेली, पुढे काकांनी चालवलेली. होडी घेताना याहून मोलाचा कागद नाही, असे मी आता सांगू शकते. कोणत्या साली कोणती फळी बदलली, कोणत्या सुताराने, खिळे तांब्याचे की पितळेचे. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा कुठे सरकला. करंजाचा डोंगर कोणत्या झाडाच्या रेषेत आला की वळायचे. आणि दर वर्षी होडी पाण्यात सोडल्यावर लिहिलेली एक ओळ: पहिल्या दिवशी किती बालद्या पाणी उपसले, दुसऱ्या दिवशी किती, तिसऱ्या दिवशी किती. सगळी वर्षे. आगबोटीवरच्या इंजिनिअरची सवय!

मेहुण्यांनी, ते बँकेत आहेत, वही मांडीवर घेतली आणि अर्धा तास मान वर केली नाही.

लाकूड पाणी पिते

अनंत चतुर्दशीला मुंबईचे गणपती गेले आणि दुसऱ्या दिवशी, पौर्णिमेला, आम्ही पुन्हा रेवसला. उधाण खरे तर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत मोठे असते. पण काकूंचे म्हणणे, पितृपक्ष लागायच्या आत होडी पाण्याला लागू दे. तांडेलाने आठ माणसे जमवली होती. ओंडक्यांवरून होडी सरकवीत काठावर आणली, नाळेवर नारळ फोडला, आणि साडेअकराच्या सुमारास पाणी तिच्या पोटाला लागले.

पाणी आत यायला पाच मिनिटेही लागली नाहीत. एका जागेतून नव्हे, शंभर जागांतून. कुठे झिरपत, कुठे चक्क धार. कोरड्या लाकडी होडीचे हे असेच असते. लाकूड पाणी पिऊन फुगते, फळ्या एकमेकींना घट्ट भिडतात आणि फटी आपोआप मिटतात. एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्त. तोवर उपसत राहायचे. ज्यांना हे ठाऊक नसते ते घाबरून फटींत कडक लांबी नाहीतर सिमेंट भरतात. मग फुगणाऱ्या लाकडाला जागा उरत नाही आणि फळी खिळ्यांतून निखळू लागते. जुन्या होडीच्या तळाला फटी दिसल्या म्हणून परत फिरू नये. फटीत भरलेले सिमेंट दिसले तर मात्र जरूर फिरावे.

मेहुणे गुडघाभर पाण्यात उभे राहून बालदीने उपसत होते. तांडेल काठावर विडी ओढीत म्हणाला, "लाकूड पाणी पितंय, पिऊ दे तिला. दोन वर्सांची तहान हाये."

पहिल्या दिवशी एकशे चाळीस बालद्या. रात्री तांडेलाचे दोन पुतणे आळीपाळीने जागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकतीस. काठावर खुर्ची टाकून काका वहीत आकडे लिहीत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी फळ्यांतले पाणी थांबले होते, हात फिरवला तर आतली बाजू नुसती ओलसर. पण पेटीच्या सांध्यातून थेंब चालूच. दिवसाच्या चार बालद्या.

चार बालद्या म्हणजे बुडण्याजोगे काही नव्हे. कुणी दुसरा मालक असता तर 'जुनी होडी आहे, एवढे चालायचेच' म्हणाला असता, आणि आम्ही मानही डोलावली असती. मेहुण्यांनी वही उघडली. मागच्या सगळ्या वर्षांत तिसऱ्या दिवसाचा आकडा एक बालदीच्या वर गेलेला नव्हता. शेवटच्या तीन नोंदी मात्र अर्धी, पाऊण, एक अशा चढत्या. त्यांनी बोट ठेवले. काकांनी चष्मा वर करून पाहिले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पेटी खोलावी लागेल. मी टाळत होतो." आणि सुताराला आणि सागवानाला लागणारा अंदाजे खर्च त्यांनी स्वतःच किमतीतून वजा केला. दीडपट देऊ करणारा एकीकडे, आणि हा माणूस आपल्याच वहीच्या आधाराने आपलीच किंमत कमी करतो! काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि उठून आत गेल्या. मला वाटले रागावल्या. थोड्या वेळाने त्या पायजमा-कुडता घालून, डोक्याला रुमाल बांधून बाहेर आल्या. "चला. हिला चालवून दाखवते. यांचे गुडघे नाहीत, माझे आहेत."

पितृपक्षात खरेदी नको, पण चाचणी म्हणजे काही खरेदी नव्हे, असा त्यांचा निर्णय.

दुपारी अडीचच्या सुमारास खारे वारे सुरू झाले. कोकण किनाऱ्यावर पाऊस सरत आला की रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात आणि दुपारी समुद्राकडून खारे. शिडाच्या होडीचे जाणे-येणे या दोघांच्या मर्जीवर. भरती जोराने ओसरत होती. आउटबोर्ड इंजिन बंद केले आणि एकदम इतकी शांतता झाली की तळाखालून जाणारे पाणी ऐकू येऊ लागले. होडी डावीकडे कलली. मेहुण्यांनी काठ घट्ट धरला. सुकाणूच्या दांड्यावर माझी बहीण, आणि पुढच्या शिडाची दोरी काकूंच्या हाती. तीस वर्षे ती त्यांच्याच हाती होती, हे आम्हाला तेव्हा कळले. "अगं, शिडाकडे बघ, पाण्याकडे नको बघूस. ते फडफडलं की थोडी खाली पड," असे त्या सांगत होत्या, आणि बहिणीचे वीस वर्षांपूर्वीचे हात हळूहळू आठवू लागले होते. धक्क्यावर खुर्चीत काका, डोळ्यांना दुर्बीण.

खाडीच्या तोंडापर्यंत गेलो. पश्चिमेला मांडव्याची बाजू, दक्षिणेकडे वळत गेलेला किनारा. त्याच किनाऱ्याने पुढे थळसमोर खांदेरी आहे. १६७९ साली महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रज-सिद्दी दोघांचे आरमार अंगावर घेतले. १८६७ पासून तिथे दीपगृह आहे, १९९८ पासून बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. वहीत खांदेरीला जाण्यासाठी अडीच पाने दिलेली. काकू म्हणाल्या, "आज नाही. पेटी दुरुस्त झाल्याशिवाय ते नाव काढायचं नाही." उलट फिरताना ओहोटी विरुद्ध होती, तासाभराचे अंतर कापायला दोन तास लागले आणि दोन्ही तास पेटीतून थेंब चालूच होते.

कागद

पैसे घटस्थापनेला दिले. त्याच आठवड्यात काकांनी रिसॉर्टवाल्यांना फोन करून नकार कळवला. मुलाला काय सांगितले ते आम्ही विचारले नाही.

होडी हातात आली तरी कागद पूर्ण झाल्याशिवाय ती जागची हलवायची नाही, हे मेहुण्यांनी सुरुवातीलाच ठरवले होते, आणि मुंबईच्या समुद्रात तर ते फारच खरे आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी आलेले अतिरेकी पोरबंदरची 'कुबेर' ही मच्छीमार नौका पळवून, नंतर रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमारनगरात उतरले होते. तेव्हापासून या किनाऱ्यावर प्रत्येक होडी कुणाची, कुठे बांधलेली, कोण चालवते, हा पोलिसांचा साधा आणि रास्त प्रश्न आहे. विक्रीखत, नोंदणीवरच्या नावाची बदली, होडी बांधून ठेवण्याच्या जागेची परवानगी, विमा. शिवाय इंजिनाची पावती वेगळी. जुन्या मालकाने आपल्या नावाची मूळ नोंदणीच कधी केली नसेल तर तिथेच सौदा थांबवावा, किंमत कितीही मोहात पाडणारी असो. काकांची फाइल चोख होती. दोन आधीच्या मालकांची विक्रीपत्रेसुद्धा, कापडी पाकिटात.

आणि वार्षिक खर्च. घेण्याच्या किमतीकडेच सगळे पाहतात, पण सागवानी होडी दर पावसाळ्यात वर ओढायची, खरवडायची, तळ रंगवायचा, तांडेलाचा महिना द्यायचा. बहिणीने आणि मेहुण्यांनी तो आकडा आधी काढला, मग घरातली दुसरी गाडी विकली. मुलांनी दोन दिवस तोंडे फुगवली. धाकटा आता वहीतली भरतीची पाने पाठ करतो आहे.

सुताराने पेटी मागच्या आठवड्यात खोलली. सागवान शाबूत निघाले. केव्हातरी कुणीतरी घाईत तांब्याऐवजी लोखंडाचे तीन बोल्ट घातले होते, ते गंजून बोटाने मोडतील असे झालेले. कोणत्या साली ते घातले गेले, याची नोंद वहीत सापडली नाही. काकांना पुण्याला फोन केला, तर त्यांना फार वाईट वाटले. नवे बोल्ट ओतून घ्यायला दिले आहेत. मोठे शीड मुंबईत शिवायला टाकले आहे. शिवणारा म्हणतो, दिवाळीच्या आत देतो.